हॅलो, बेळगाव

१९ ऑगस्ट २०२२, शुक्रवार

टीव्हीवर दहीहंडी. दोन वर्षांनी मुंबईत थर लागले. नात मांडीवर पुस्तक घेऊन शेजारी. तिलाही अभ्यासाला थरच आहेत. सात. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. खालून वर मोजायचे.

तिच्याकडून दोनदा म्हणून घेतले. तिसऱ्यांदा म्हणाली, "आजी, तुला काय करायचंय?"

३९ वर्षं टेलिफोनात काढली. आमचं काम कुठल्या थरात बसतं ते बघायचं होतं. बोलले नाही.

तिचं कॉलेज इथलं, पण पदवीवर नाव येणार बेळगावच्या विश्वेश्वरय्या विद्यापीठाचं. मी गाव सोडून इथं बेंगळूरला आले, गाव कागदावरून माझ्या मागं आलं.

२० ऑगस्ट

बाल्कनीतून तळं दिसतं. दिसतं म्हणजे हिरवळ दिसते, पाणी समजून घ्यायचं.

२०१८ च्या जानेवारीत याच बेळ्ळंदूर तळ्याला आग लागली होती. विझवायला लष्कराचे जवान. बेळगावात बातमी बघून हे म्हणाले, "पाणी पेटतं तिथं पोरानं घर घेतलंय."

२२ ऑगस्ट, सोमवार

नेट सुस्त. मुलगा ३०० एमबीपीएसचे पैसे भरतो, त्याच्या खोलीत ९४ मिळतात. हॉलमध्ये बरोबर. कंपनीला फोन केला. यंत्र बोललं. एक दाबा, चार दाबा, परत एक दाबा. आवाज पण केवढा बारीक.

माझी शेवटची वर्षं १९८ वर गेली. तक्रार नोंद, डॉकेट नंबर सांग, पुढची घे. लोक शिव्या द्यायचे, पण माणसाला द्यायचे.

२४ ऑगस्ट

आजही ९४. काल ९४. परवा ९४. तापसुद्धा इतका ठाम नसतो. लाइन खराब असली तर कधी ६० कधी २०० हवं. एकाच आकड्यावर अडून बसलंय म्हणजे कुणीतरी अडवलंय.

नातीला म्हटलं. तिनं पुस्तक चाळलं, मग उठून बापाच्या टेबलाखाली शिरली.

या केबलीत आठ तारा. १०० च्या वेगाला त्यातल्या चारच लागतात: पहिली, दुसरी, तिसरी, सहावी. हजारच्या वेगाला आठही. उरलेल्या चारांतली एखादी तुटली तर दोन्ही टोकांची यंत्रं आपसांत ठरवून १०० वर उतरतात. कुणाला सांगत नाहीत. शंभरातून वरखर्च वजा जाता हाती ९४.

म्हणजे तार तुटलीय. घरात दोन इंजिनिअर, चार महिने कंपनीला शिव्या.

२५ ऑगस्ट, गुरुवार

क्रिम्पर आला. टेस्टर पण. दोन्ही मिळून साडीच्या फॉलपिकोएवढे पैसे नाहीत.

टेस्टरवर आठ दिवे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात लागला नाही. आठ.

जुनं टोक कापलं. कवच इंचभर सोलायला ट्रंकेतून यांची पक्कड काढली. मुठीला अजून काळी टेप. आत चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. सोडवताना बोटांना कळलं, चारींचा पीळ सारखा नाही. एकीची कुजबुज दुसरीत उतरू नये म्हणून. आम्ही क्रॉसटॉक म्हणायचो. नातीनं वाचून दाखवलं: पिळाची युक्ती ग्रॅहम बेलची, १८८१ चं पेटंट.

मग रांग लावायची. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी घुसते, तिथं सगळे चुकतात. आम्ही पण चुकलो. एक टोक वाया. दुसऱ्या वेळी तारा चिमटीत सपाट धरल्या, टोकं एका रेषेत छाटली, प्लगात सरकवल्या, प्लगाच्या तोंडाशी आठही तांबडे ठिपके दिसेपर्यंत दाबल्या. मग क्रिम्पर. कट्.

आठ दिवे.

हे आंघोळ करताना केबलचे रंग म्हणायचे. व्हाइट, रेड, ब्लॅक, येलो, व्हायोलेट. ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राउन, स्लेट. पाच गुणिले पाच, पंचवीस जोड्या. शेजारीण विचारायची, कुठलं स्तोत्र?

मुलाच्या खोलीत २९१. तो मीटिंगमध्ये होता. अंगठा दाखवला.

२६ ऑगस्ट

नात हब आणि स्विच समजावते. हबला काही कळत नाही. एका तोंडातून आलं की बाकी सगळ्या तोंडांतून ओरडतो. स्विच लक्षात ठेवतो. कुणाचं बोलणं कुठल्या तोंडातून आलं ते टिपतो, पुढच्या वेळी नेमकं तिथंच पाठवतो. माहीत नसलं तरच सगळ्यांना विचारतो.

मला हे नवीन नाही. माझी पहिली नेमणूक तालुक्याच्या गावी, छोटासा बोर्ड. नंबर कुणी सांगत नसे. "बाई, डॉक्टरांना जोडा." डॉक्टर घरी नाहीत, आत्ताच स्टँडकडे गेले, हेही बाईच सांगायची. टेबल डोक्यात भरत जायचं. बदली झाली की नव्या बाईला सगळं कोरं.

घरातल्या पांढऱ्या डब्यात चौघं एकत्र नांदतात: काचेतला उजेड वाचणारा, स्विच, राउटर, वायफाय. बाहेरच्या जगाशी व्यवहार राउटरचा.

मॅक पत्ता ४८ बिटांचा, कारखान्यातूनच कोरून येतो. आयपी पत्ता घर बदललं की बदलतो. म्हटलं, एक जन्मनाव, एक भाड्याच्या खोलीचा पत्ता. नात म्हणाली, "नवे फोन वायफायला खोटा मॅक देतात आजी. माग काढू नये म्हणून."

बरं करतात. आमचं लग्नात सगळंच बदलून टाकलं होतं.

२७ ऑगस्ट, शनिवार

सून म्हणाली, "आई, टीव्ही जरा हळू." हळूच तर होता.

२८ ऑगस्ट

सर्किट स्विचिंग आणि पॅकेट स्विचिंग. धडा वाचला आणि अर्धा दिवस डोक्यात तेच.

सर्किट म्हणजे आमचा ट्रंक कॉल. १८० ला नोंदवायचा. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. बेळगावहून हुबळी, हुबळीहून पुढं, एकेक दोर खोचत जायचं. लागला की ती अख्खी वाट त्या दोघांची. तीन मिनिटं. दोघंही गप्प राहिले तरी वाट त्यांचीच. एकदा एक मुलगी माहेरी लावून तीन मिनिटं नुसती रडली. पलीकडून आई "बोल गं" म्हणत राहिली. लाइन अडून. माझ्या समोर चार दिवे पेटलेले. तोडली नाही.

पॅकेटमध्ये वाट कुणाचीच नाही. बोलण्याचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा, सोडून द्यायचे. ज्याला जी मोकळी दिसेल ती वाट. पलीकडे क्रमांक बघून जुळवायचे, हरवलेला परत मागवायचा. गप्प बसलात तर तुमच्या जागेवरून दुसऱ्याचं बोलणं जातं. काटकसरीचं आहे. रडायला सोयीचं नाही.

थर म्हणजे लिफाफ्यात लिफाफा. वरचा जे देईल त्यावर खालचा आपला पत्ता चिकटवतो, आत काय ते उघडून बघत नाही. आमची ट्रंकची तिकिटं अशीच. कुठून, कुठं, नोंद किती वाजता, बोलले किती मिनिटं. काय बोलले त्याला तिकिटावर रकाना नव्हता.

(ऐकायचो. नाही कशाला म्हणू.)

२९ ऑगस्ट

प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की फेकून देतात. जगभर भरकटत राहू नये म्हणून.

३० ऑगस्ट, मंगळवार

रात्रभर पाऊस. आउटर रिंग रोडवर तळं. मुलगा घरूनच काम. ९४ नाही म्हणून खूश.

गणपतीची मूर्ती आणायला सून गुडघाभर पाण्यातून. शाडूची, वीतभर.

३१ ऑगस्ट

गणपती बसले. इथं आणायचं म्हणून मोदकपात्र घासून ठेवलं होतं, ते बेळगावातच राहिलं. इडलीपात्रात केले. चवीत फरक नाही, दिसण्यात आहे.

२ सप्टेंबर

नातीचा प्रश्न: सात थर कागदावर १९८४ साली पक्के झाले, मग प्रत्यक्षात टीसीपी/आयपीचे चारच का चालतात? तिचंच उत्तर: कारण ते आधीच चालू होते. १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं आर्पानेट त्यावर आलं. समितीचा अहवाल छापून येईपर्यंत लोकांनी घर बांधून राहायला सुरुवात केली होती.

सरकारी नोकरी केलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

ईथरनेटचं टिपण मेटकाफनं लिहिलं २२ मे १९७३ ला. मूळ शिस्त एवढीच: आधी तार ऐक. कुणी बोलत नसेल तरच बोल. दोघं एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं, थोडा थोडा वेळ, पण सारखा नाही. आम्हालाही ट्रेनिंगमध्ये हेच. लाइनवर जाताना आधी कान.

आधी कान.

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजता आलं नाही आज. भात लगदा.

३ सप्टेंबर, शनिवार

गौरी आल्या. पावलं काढली लिफ्टपासून दारापर्यंत. समोरच्या तेलुगू बाई कौतुकानं बघत होत्या. त्यांच्याही दारात रांगोळी रोज, माझ्याहून सुबक.

४ सप्टेंबर, रविवार

गौरीपूजन. सोळा भाज्या जमल्या नाहीत, अकरा. संध्याकाळी बेळगावला व्हिडिओ लावला. जाऊबाईंनी त्यांच्या गौरी दाखवल्या, नथ जुनीच, माझ्या सासूबाईंची. चित्र काचेसारखं. आवाज मात्र तुटक. "पॅकेट हरवतायत बघ," म्हटलं. नात म्हणाली, "आवाज क्लिअर आहे आजी."

आठ वाजता पाऊस. दहा वाजता बाल्कनीतून रस्ता दिसेना.

५ सप्टेंबर, सोमवार

पहाटे चारला पंखा थांबला. जनरेटर लागला, बंद पडला. खालून आरडाओरडा. वॉचमनचं कुटुंब तळघरातून वर आलं, पोरगी खांद्यावर, गॅसची शेगडी हातात.

उजाडल्यावर बघितलं. गेट नाही. रस्ता नाही. गाड्यांची टपं.

डब्याचा दिवा लाल. इन्व्हर्टरवर डबा जिवंत, पण एलओएस लुकलुकतोय. लॉस ऑफ सिग्नल. आमच्या बोर्डावर दिवा लागला की कुणीतरी हाक मारतंय असं असायचं. इथं दिवा लागतो तो हाक बंद झाल्यावर.

मुलगा फोन उंच धरून गच्चीत. एक दांडी येते, जाते. मोबाइल म्हणजे हवेतलं, असं सगळ्यांना वाटतं. टॉवरच्या बुडाशीही वीज लागते, केबल लागते. दोन्ही जमिनीलगत.

आमचा जुना काळा फोन वीज गेली तरी वाजायचा. एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट त्याच दोन तारांतून यायचे. काचेतून उजेड येतो, वीज येत नाही.

दुपार. ट्रॅक्टर आले. ट्रॉलीत लॅपटॉपच्या बॅगा छातीशी धरून उभी माणसं. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या शहरात आली तेव्हा त्यांच्या उपग्रह डिशचं सामान बैलगाडीतून नेलं होतं म्हणतात. ३७ वर्षांत बैल गेले.

संध्याकाळ. विसर्जन. खाली माणूसभर पाणी आणि घरात बादलीभर नाही. पंप तळघरात. कावेरीचं पाणी उपसणारं टी. के. हळ्ळीचं केंद्रही बुडालंय म्हणे. पिण्याच्या कॅनमधलं पाणी बादलीत ओतलं. गौरींना दही-पोहे दाखवून मुखवट्यांवर पाणी शिंपडलं. गणपती बादलीत. पुढच्या वर्षी लवकर या म्हणताना सून हसली. मग रडली.

६ सप्टेंबर

वॉचमन इथलाच, तीन पिढ्यांचा. जिन्यात बसून सांगत होता. वरच्या तळ्याचं पाणी राजकालुव्यानं, म्हणजे मोठ्या नाल्यानं, खालच्या तळ्यात, ते भरलं की पुढच्यात. बेळ्ळंदूर, मग वर्तूर, मग दक्षिण पिनाकिनी नदी. त्याच्या आजोबाच्या वेळी कालुव्यात पोहायची पोरं. आता त्यावर भिंत.

नात म्हणाली, राउटरचंही असंच. पुढची वाट तुंबली की आतल्या हौदात साठवतो, हौद भरला की पॅकेट टाकून देतो.

पाणी टाकून द्यायला जागा कुठली?

वॉचमनला हे कन्नडात सांगितलं. माझं कन्नड ऐकून हसला. "अज्जी, तुम्ही हुबळीकडच्या?"

"बेळगावची," म्हटलं.

७ सप्टेंबर

पाणी ओसरतंय. वास. वीज रात्री दोन तास.

तळघरात उतरले. सगळे नको म्हणत असताना. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या कपाळाच्या वर. इमारतीची नेटची पेटी त्या रेघेच्या खाली, हातभर. दार उघडलं तर चिखल. स्विचच्या चोवीस तोंडांत चिखल. शेजारी बॅटऱ्या.

कुणी बसवली इथं? ज्यानं कुणी बसवली तो पाऊस न पडणाऱ्या गावचा.

जुलै १९८६ मध्ये कित्तूरला सी-डॉटचं पहिलं १२८ लाइनींचं एक्स्चेंज बसलं. एसी नको, धुळीत चालेल, उन्हात चालेल असं आपल्या लोकांनी बनवलेलं. हे मुद्दाम बघायला गेले होते. आले आणि एवढंच म्हणाले, "खोली उंचावर आहे का ते आधी बघितलं."

८ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीचा पोरगा आला. विशीचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाठीवरची बॅग डोक्यावर. "फायबर कट आगिदे अज्जी." गेटापाशी पाणी उपसायला जेसीबीनं चर मारला, त्यात केबल गेली. पेटीची बॅटरी बदलली तरी दिवा लालच होता त्याचं कारण हे.

लॉबीत खुर्ची टाकून बसले. बघू द्यायला तो तयार.

केबल सोलली. आतून केसासारखी काच. काचेचा व्यास १२५ मायक्रॉन, आणि उजेड जातो तो गाभा फक्त ९. अल्कोहोलच्या कापडानं पुसली. पुसताना चिकचिक आवाज होतो म्हणाला, स्वच्छ झाल्याची खूण. मला नाही आला. क्लीव्हरनं टोक छाटलं, तुटलेला तुकडा चिमट्यानं डबीत टाकला. पायात घुसला तर दिसत नाही. दोन्ही टोकं यंत्रात. छोट्या पडद्यावर दोन जाड दांडे समोरासमोर, यंत्र आपणच त्यांना वर-खाली करून जुळवतं. एक ठिणगी. दांडे एक झाले. तोटा ०.०२. वर नळी सरकवून तापवली, झालं. जेवायला बसल्यासारखं मांडी घालून बारा मिनिटांत.

हे कागदाच्या वेष्टनाच्या केबलीत बसायचे, खड्ड्यात, ओणवे. पावसात पाणी कागदात शिरलं की लाइन घरघरायची. तापवलेलं मेण ओतून ओल काढायची, मग एकेक जोडी. चारशे जोड्या. मी बोर्डावरून कान लावून सांगायची, ही साफ, ही अजून ओली. रात्री दोनला एकमेकांशी एवढंच बोलणं. साफ. ओली. साफ.

पोरगा वर आला. मीटर लावलं. उणे २१. उणे २७ च्या खाली गेलं की डब्याला उजेड कळत नाही म्हणाला. हिरवा दिवा.

त्याला चहा, गौरीचे उरलेले लाडू. सकाळपासून अकरावी इमारत. घरी त्याच्याही पाणी शिरलंय, व्हरतूरकडे. वर्तूर. मी चुकीचं ऐकलं.

नातीनं लावून दिलं. जाऊबाईंचा चेहरा आला. तोंडातून आपोआप गेलं, "हॅलो बेळगाव, बेंगळूर बोलतेय." पलीकडं सगळे हसले. ते मात्र ऐकू आलं.

९ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. झोप.

१२ सप्टेंबर

राजकालुव्यांवरची बांधकामं पाडायला महापालिकेचे जेसीबी निघाले. सगळ्या चॅनेलांवर. पुढच्या केबली सांभाळा म्हणावं.

सोसायटीच्या कमिटीला पत्र लिहिलं, मराठीत. नातीनं इंग्रजी केलं. नेटची पेटी आणि तिच्या बॅटऱ्या पहिल्या मजल्याच्या जिन्यात हलवाव्यात. भिंतीला बारा फूट केबल जास्त लागेल. ईथरनेटची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपली इमारत तेवढी उंच नाही. सही, हुद्दा: निवृत्त टेलिफोन ऑपरेटर.

मुलगा म्हणाला, "आई, हुद्दा कशाला?"

१७ सप्टेंबर, शनिवार

नातीनं नेलं. काचेची खोली, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. हेडफोन चढवताना हात आपोआप माउथपीस शोधत होता.

कागदावर रेघ. डावीकडं बरी, उजवीकडं घसरगुंडी. ४००० हर्ट्झच्या पुढं फारसं काही नाही. स, श, त, क ही अक्षरं हरवतात म्हणाल्या डॉक्टरीण. हळूहळू झालंय, बरीच वर्षं.

टेलिफोनची लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झच नेते. त्याच्या वरचं आम्ही कधी पाठवलंच नाही, तेवढ्यात सगळा देश बोलला, भांडला, सोयरिकी जमवल्या. म्हणजे मला अजून ट्रंक ऐकू येतो. समोर बसून बोलतात तेच नाही.

मशीन दोन. किमती सांगत नाही इथं.

नात रिक्षात गप्प होती. नंतर म्हणाली, "तू सातही थर दोनदा म्हणायला लावलेस ना."

२४ सप्टेंबर

मशीन लावलं. पंख्याला आवाज असतो. पिशवीला फारच.

कमिटीची बैठक. विषय चौथा: रंगकाम. पेटीचा विषय "नोंद घेतली."

१ ऑक्टोबर

दिल्लीत ५जीचं उद्घाटन. २००० साली याच तारखेला आमचं खातं निगम झालं होतं. पेढे वाटले होते. हे घेईनात.

११ ऑक्टोबर

नातीची इंटर्नल. थरांवर दहा मार्कांचा प्रश्न. लिफाफे काढून आली.

१९ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळपासून पाऊस, तसाच. यंदाच्या पावसानं २०१७ चा विक्रम मोडला, १७०० मिलिमीटर ओलांडले. रिंग रोडवर पाणी. वॉचमननं बायको-पोरीला आधीच वर आणून बसवलंय, आमच्याच लॉबीत. पोरीला वही दिली, रंग दिले.

आवाज येतोय पावसाचा. मशीन काढून बघितलं, मग परत लावलं.

दिवा हिरवा.

२० ऑक्टोबर

कमिटीला दुसरं पत्र, या वेळी फोटोसकट. तळघरात परत घोटाभर पाणी होतं. पेटी अजून तिथंच आहे, रेघेच्या हातभर खाली.